अकरा अर्ध्या वह्या

ताई,

मी १९ वर्षांची आहे. माशेलजवळ आमचं गाव, फोंड्याला कॉलेज, बी.कॉम.चं दुसरं वर्ष. लहानपणापासून वाचायचं वेड. बाबांचं किराणा दुकान आहे. तिथून दर पाडव्याला मिळणाऱ्या लांबट कोऱ्या वह्यांत मी काहीबाही करत असते. वाचलेल्या पुस्तकांबद्दल लिहिते, चित्रं काढते, शब्दकोडी रचते. एक कादंबरीही सुरू केली होती, ती चौथ्या प्रकरणात अडली. परवा मोजल्या तर अकरा वह्या निघाल्या आणि अकराही अर्ध्या.

बाबा विचारतात, 'ह्याचं पुढे काय?' चुलतभाऊ म्हणतो, पुस्तकांवर रील कर, चार लोक बघतील तरी. आई म्हणते, सोप्यावर बसून पुस्तकात तोंड खुपसण्यापेक्षा माणसांत ये. पण माणसांत येऊन करू काय? आमच्या गावात वाचणारं कुणी नाही. मुलांना क्रिकेट आणि मोबाइल पुरे. आजीला वाचता येत नाही, तिला मी कधी कधी पेपर वाचून दाखवते, तेवढंच. चिखलकाल्याच्या, म्हणजे आषाढात देवळासमोर चिखलात खेळायच्या सणाच्या दिवशी सगळे चिखलात होते आणि मी देवळाच्या पायऱ्यांवर पुस्तक घेऊन. वाटतं, सगळं सोडून एकच काहीतरी धरावं आणि करून दाखवावं.

दुसरी अडचण भाषेची. घरी कोकणी, वाचन मराठीत, कॉलेजात इंग्रजी. वही उघडली की कुठल्या भाषेत लिहायचं इथेच अर्धा तास जातो.

– पानवेडी

ता.क. पावसात पुस्तकांना बुरशी येते. उपाय आहे का?

*

पानवेडी बाय,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या बाजूनं, दुसऱ्यांदा तुझ्या बाबांच्या. दुसऱ्या वेळी एक ओळ सापडली, तू ती घाईत लिहून गेली असशील: कोऱ्या वह्या बाबांच्या दुकानातून येतात, दर पाडव्याला. म्हणजे 'ह्याचं पुढे काय' असं विचारणारा हा गृहस्थ इतकी वर्षं स्वतःच्या हातानं तुला कच्चा माल पुरवतोय. दुकानदार माणूस आहे तो. वहीची किंमत त्याला तुझ्यामाझ्यापेक्षा नीट ठाऊक. द्यायची नसती तर 'यंदा माल कमी आला' म्हणून मोकळा झाला असता.

लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रं काढायचे. आईनं बघितलं आणि पोराच्या हातात कोरी वही दिली. पुढे ते चित्रांचीच रोजनिशी ठेवू लागले. आज काय झालं, कोण भेटलं, गावात कुणाची काय गंमत, सगळं रेषांत. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांचं झालेलं नव्हतं, मुंबईत कॉलेजात ते इतिहास शिकले. आता प्रत्येक वहीतून मारियो निघत नाही हे मलाही कळतं, आणि तुझ्या वह्यांतून निघावा अशी माझी अटही नाही. मी सांगतेय ते त्या आईबद्दल. भिंत खराब होते म्हणून पोराला धपाटा घालणं सोपं होतं. तुझ्या बाबांचा धपाटा म्हणजे तो एक प्रश्न. आणि प्रश्न विचारून झाला की वही येतेच.

तेव्हा उत्तर दे. सरळ सांग, 'पुढे काही नाही, बाबा.' सोप्यावर पत्ते कुटणाऱ्या काकांना कुणी पत्त्यांचं पुढे काय म्हणून विचारत नाही. संध्याकाळभर गरी टाकून नदीकाठी बसणारा एक काळुंदर घेऊन घरी येतो, तोही पावभर भरत नाही. त्याला कुणी हिशेब मागत नाही. वाचणाऱ्या पोरीलाच का मागतात? कारण वाचणं हे अभ्यासासारखं दिसतं आणि अभ्यासाचं पुढे काहीतरी व्हावं लागतं. तुझी करमणूक अभ्यासाच्या कपड्यांत आली म्हणून फसलीय एवढंच.

फक्त एक पथ्य पाळ. बाबांना धर्मानंद कोसंबींची गोष्ट सांगू नकोस. १८७६ साली साखवाळला जन्मलेला हा मुलगा, शाळा जेमतेम. 'बालबोध' मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि ते असं काही मनात बसलं की १८९९ साली बायको-मुलीला मागे ठेवून घर सोडून निघाला. आधी पुण्याला संस्कृत शिकायला, मग थेट नेपाळ, सिलोन. आपल्याला एवढा मोठा विद्वान मिळाला हे खरं, पण एखाद्या बापाला हे उदाहरण दिलंस तर उद्यापासून वह्या बंद.

तेव्हा तुझ्या बाबांशी माझं भांडण नाही. भांडण असलंच तर तुझ्याशी आहे, आणि ते एका वाक्यावरून: 'आमच्या गावात वाचणारं कुणी नाही.'

खात्री आहे? बाबांच्या दुकानात सकाळी पेपर येतो, तो दुपारपर्यंत किती हातांतून फिरतो ते एकदा मोज. कोपऱ्यातलं शब्दकोडं कुणीतरी अर्धं भरून ठेवलेलं असतं, तो कोण? भजनात अभंगाची ओळ चुकली की मागून दुरुस्त करणारी म्हातारी असेल. जत्रेच्या नाटकातले संवाद अंकच्या अंक म्हणून दाखवणारा एखादा पायलट, म्हणजे मोटारसायकलवरून भाडं मारणारा, असेल. हे वाचन नव्हे असं तू म्हणशील. मीही म्हणायचे.

सतरा वर्षांची असताना मी तुझ्यासारखीच होते, फक्त तुझ्याहून शिष्ट. आमच्या गावी जत्रेच्या दुसऱ्या रात्री नाटक व्हायचं, अजून होतं. त्या वर्षी ऐतिहासिक नाटक धरलेलं. तालमी निम्म्यावर आल्या आणि नेहमीच्या प्रॉम्प्टरची बदली झाली. काका दिग्दर्शक होते. ते घरी आले आणि आईला विचारलं, 'ह्या पोरीला सरळ वाचता येतं ना?' मी त्या उन्हाळ्यात घरचं अख्खं कपाट संपवलं होतं! मला तो अपमान वाटला, आणि अपमानाच्या भरात मी हो म्हणून बसले.

प्रॉम्प्टरचं काम काय असतं ते बाहेरून कळत नाही. विंगेत एक स्टूल, मांडीवर बाड, एका हातात विजेरी. छापील प्रत एकच आणि ती काकांकडे. माझ्याकडे हातानं उतरवलेली वही होती, तिच्यात तीन जणांची अक्षरं. एका पानावर चहाच्या कपाचा गोल डाग आणि सेनापतीचं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य नेमकं त्या डागाखाली. तिथून नाटक दिसत नाही. दिसतात त्या पाठी, टोपाखालून मानेवर उतरणारा घाम, आणि ऐकू येतो तो श्वास. वाक्य आठवत असलं की माणूस एका तऱ्हेनं श्वास घेतो, विसरला असला की दुसऱ्या. वाक्य अख्खं द्यायचं नसतं. पहिले दोन शब्द, तेही त्या श्वासाच्या आत. उशीर झाला तर लोकांना ऐकू जातं, घाई केली तर नट भडकतो.

आमचा राजा दिवसा ट्रक चालवायचा. चौथीत शाळा सुटलेली, वाचायला जड जायचं. त्यानं मला पहिल्या आठवड्यातच बसवलं आणि अख्खं नाटक दोनदा वाचून घेतलं. दर पानाला थांबवायचा. 'हो अशें कित्याक म्हणटा?' हा असं का म्हणतो? प्रधान इथे गप्प का? राजाला कळलंय की तो कळलं नाही असं दाखवतोय? माझ्याकडे उत्तरं नसायची. तोवर शंभरेक पुस्तकं वाचली असतील मी, पण हा प्रश्न एकाही पुस्तकाला विचारला नव्हता. मी वाचायचे म्हणजे पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, गरम उंडे खावेत तशी, एकामागून एक. आणि हा माणूस घाट चढताना, गिअर बदलताना, एकेक वाक्य चघळत असायचा.

प्रयोगाच्या रात्री दुसऱ्या अंकात घात झाला. राजाचं लांबलचक भाषण होतं, ते त्याला चोख पाठ. मला वाटलं, चला, पाच मिनिटं आपल्याला काम नाही. आणि पुस्तकवेड्या माणसानं जे करावं तेच मी केलं. पान उलटलं आणि पुढचा प्रवेश वाचायला लागले. तालमीत पन्नासदा ऐकलेला प्रवेश! तरी वाचत सुटले. भानावर आले ती शांततेमुळे. राजा थांबला होता. त्यानं मिशीवरून हात फिरवला, दोन पावलं टाकली आणि म्हणाला, 'प्रधानजी, आम्ही विचारात पडलो आहोत.' प्रधान म्हणाला, 'होय, महाराज.' मी पानं मागे उलटतेय, विजेरी थरथरतेय, उजेडावर आलेली पाखरं बाडभर. राजा पुन्हा म्हणाला, 'प्रधानजी, आम्ही फारच विचारात पडलो आहोत.' तिसऱ्या फेरीत तो विंगेला टेकला आणि दातओठ खात म्हणाला, 'गो, वाच गो!' पुढच्या रांगेतल्या पोरांनी ते ऐकलं. ती पोरं आता आजोबा झालीत, तरी बाजारात मी दिसले की त्यांतला एखादा मिशीवरून हात फिरवतोच.

राजा नंतर रागावला नाही. पुढच्या वर्षीही मलाच बोलावलं, फक्त स्टूल काढून घेतलं. उभी राहिलीस की झोपणार नाहीस, म्हणाला. मी झोपले नव्हते, वाचत होते, हे त्याला कितीदा सांगितलं. त्याच्या मते दोन्ही एकच.

आता तुझ्या वह्यांकडे येते. अकरा अर्ध्या वह्या म्हणजे आळस, असं तू धरून चालली आहेस. मला तसं दिसत नाही. शब्दकोडं रचायचं आणि सोडवायला कुणी नाही, तर आडवे-उभे सगळे शब्द जुळवत कोण बसणार? पुस्तकाबद्दल लिहायचं आणि 'असं का म्हणतो हा' विचारणारं कुणी नाही, तर दीड पानात विषय संपणारच. तुझ्या वह्यांना दुसरं टोक नाही. त्या अर्ध्यावर थांबतात त्या तिथेच. आणि गंमत अशी की एक टोक तुझ्या घरातच आहे, तू 'तेवढंच' म्हणून ते बाजूला सारलंस. आजीला पेपर वाचून दाखवतेस ना? ती मधे थांबवून काय विचारते, ते कधी लिहून ठेवलंयस?

म्हणून सगळं सोडून एकच धरू का, ह्याला माझं उत्तर 'नको' असं आहे. लिहिणं, चित्रं, कोडी, तिन्ही राहू देत. फक्त तिन्ही मिळून एक लहानशी वस्तू कर, आणि ती गणेशचवथीच्या आत पुरी कर. अजून पाचेक आठवडे आहेत.

वस्तू कुठली, ते तू ठरव. मला सुचलेली सांगते. चवथीला तुमच्या घरी माटोळी बांधत असतील. गणपतीच्या डोक्यावरची ती लाकडी चौकट आणि तिला लटकवलेला सगळा रानमेवा: कांगलां, घागऱ्यो, लालभडक कवंडळ, आंबाडे, असोले नारळ, सुपारीचे घड. ह्यांतल्या किती जिनसा तुला नावानिशी ओळखता येतात? खरं सांग. माझ्या भाचीला पाच आल्या, त्यांत एक नारळ. आजीला वीस-पंचवीस सहज येतील. कुठली कुठे मिळते, कुठली खायची, कुठली नुसती बघायची, कुठली हल्ली मिळेनाशी झालीय. घागऱ्यो हे नाव कशावरून, विचार तिला. शेंग वाळली की आतल्या बिया घुंगरांसारख्या वाजतात. ती हातात धरून वाजवून दाखवील, मग तुला ते लिहायची गरजही वाटणार नाही. तरी लिही.

एका पानावर एक फळ. वर चित्र, खाली नाव, त्याच्याखाली आजीचं एक वाक्य, जसंच्या तसं. शेवटच्या दोन पानांवर ह्याच नावांचं शब्दकोडं. झालं पुस्तक.

बांधायला काही लागत नाही. ए-फोर आकाराचे चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की सोळा पानं होतात. लिहायला बसण्याआधी रद्दी कागदाची एक कच्ची वही अशीच दुमड आणि पानांवर एक ते सोळा आकडे टाक. मग उलगडून बघ. एकच्या शेजारी सोळा येतो, आणि आठ-नऊ मधल्या कागदावर समोरासमोर. हे आधी केलं नाहीस तर झेरॉक्स काढल्यावर नारळाच्या खाली आंबाड्याची माहिती येईल. मी केलंय, म्हणून सांगते. झेरॉक्स झाली की कागद पुन्हा एकात एक घाल, आणि वरून जुन्या कॅलेंडरच्या जाड पानाचं कव्हर, छापील बाजू आत. घडीवर दाभणानं तीन भोकं पाड, एक मधोमध, दोन कडांपासून तीन बोटं आत. गोधडीचा दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढून घे. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढ, बाहेरून वरच्या भोकात आत घाल. मग आतल्या आत मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि शेवटी बाहेरून मधल्या भोकात आत. दोऱ्याची दोन्ही टोकं आता आतच आली. त्यांच्या मधे तो लांब टाका धरून गाठ मार. पहिली प्रत वाकडी होते. दुसरी कमी वाकडी होते.

दहा प्रती काढ. एक आजीला, आणि उरलेल्या बाबांच्या दुकानात, फळीवर, चवथीच्या सामानाच्या बाजूला ठेव. किंमत लावायची की फुकट वाटायची, ते बाबांना ठरवू दे. धंदा त्यांचा आहे. 'पुढे काय' ह्या प्रश्नाचा भार एकदा त्यांच्याच फळीवर राहू दे.

भाषेचं आता. हा अर्धा तास फक्त तुझाच जात नाही. गोव्यात लेखणी धरणाऱ्याचा तो कायमच गेलाय. इंग्लंडमधून आलेले फादर स्टीफन्स पाहा. त्यांचं ओव्यांतलं पुराण १६१६ साली रायतूरला छापलं, भाषा मराठी, लिपी रोमी, म्हणजे रोमन. त्याच माणसानं कोकणीचं व्याकरणही लिहिलं, ते त्यांच्या मरणानंतर १६४० साली रायतूरलाच छापून आलं. आपल्या बाकीबाब बोरकरांनी मराठीत कविता लिहिल्या आणि कोकणीतही, आणि दोन्हीकडच्या लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या. १९८७च्या राजभाषा कायद्याच्या वेळी मोठी माणसं कोकणी की मराठी ह्या प्रश्नावर रस्त्यावर उतरली होती. त्या भांडणाचं ओझं तू वहीत कशाला आणतेस? वही म्हणजे विधानसभा नव्हे.

मी स्वतः करते ते असं. निवेदन मराठीत, कारण माझं वाचन मराठीत झालंय आणि लांब वाक्य मला त्याच भाषेत पेलतं. माणसं बोलतात ती कोकणीत, बोलतात तशी. आजी 'पावस पडूंक लागलो' म्हणाली असेल तर तेच लिही. तिच्या तोंडी 'पाऊस सुरू झाला बरं का' घातलंस तर ती तुझी आजी राहणार नाही, पुण्याची कुणी बाई होईल. आणि रागाच्या भरात इंग्रजी आलं तर येऊ दे. कॉलेजातली भांडणं इंग्रजीतच होतात म्हणे. हे मिश्रण छापायला पाठवशील तेव्हा संपादक काय ते बघेल. तोवर वही तुझी.

रीलबद्दल माझं मत विचारू नकोस, मला ती बघता बघता जेवण करपवायची सवय आहे. करावीशी वाटली तर कर. पण आधी पुस्तक बांध, मग हवं तर भावाला सांग, बांधतानाचा व्हिडिओ काढ. त्यालाही काम मिळेल.

महिन्यातून एक शनिवार मात्र पणजीला जा. माशेलहून बाणस्तारीचा पूल, जुनं गोवं, रायबंदरचा तो लांब बांध, आणि बस थांबते तिथून पाटोवरचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय चालत जाण्याइतकं. त्याची सुरुवात १८३२ची, आणि आज त्याला नाव आहे ते सोळाव्या शतकात मराठीत कृष्णचरित्र लिहिणाऱ्या कृष्णदास शामांचं. जुन्या गोव्यावरून बस जाते तेव्हा खिडकीतून बघून घे, १५५६ साली छापखाना आला तो इथे. वाचनालयात गेल्यावर मराठी कादंबऱ्यांच्या कपाटाकडे धाव घेशील, मला ठाऊक आहे. त्याआधी गोव्याविषयीच्या पुस्तकांच्या विभागात तासभर बस. माटोळीतलं एखादं फळ आजीलाही अडलं, तर ते तिथे सापडायची शक्यता आहे. आणि सापडलं की घरी येऊन तिला वाचून दाखव. ती बहुतेक म्हणेल, 'चूक बरयलां.' चुकीचं लिहिलंय. तेही टिपून ठेव.

नाटकाच्या तालमी तुमच्या गावात कुठल्या महिन्यात सुरू होतात, आणि प्रॉम्प्टर कोण आहे, ह्याची जाता जाता चौकशी कर. मी काही सुचवत नाही.

बुरशीचं सांगायचं राहिलं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ, मागून वारा गेला पाहिजे. पुस्तकं गच्च कोंबू नकोस, दोन-तीन पुस्तकांची जागा रिकामी ठेव. पावसाची जरा उघडीप मिळाली की कपाटाची दारं उघडी टाक. बुरशी दिसली तर ओलं फडकं अजिबात लावायचं नाही, ती पसरते. पुस्तक अंगणात न्यायचं, नाकाला रुमाल बांधायचा आणि कोरड्या मऊ ब्रशनं झटकायचं, मग सावलीत वाऱ्यावर उभं करून ठेवायचं. कडक उन्हात टाकलंस तर पानं पिवळी पडतात. आणि ह्या सगळ्याच्या आधीचा उपाय असा, की आषाढातल्या धो धो पावसात, समोर अख्खं गाव चिखल उडवत असताना, देवळाच्या पायऱ्यांवर पुस्तक उघडून बसू नये. पुढच्या वर्षी ते घरी ठेवून जा.